गळतीचे मूळ शोधताना : जुन्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग

विद्यालयाच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे, गुरुजनांच्या कार्याचे आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाचे लेख शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीत गाडीच्या तेलगळतीवरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु निवासी विद्यालय ज्या वस्तूंच्या आधारावर चालते, त्यांत गाडीचे स्थान स्वयंपाकघराच्या खालोखाल आहे. महिन्याचे धान्य तीच आणते. मध्यरात्री तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात तीच नेते. भाजे-कार्ल्याची लेणी, देहूरोडचे बुद्धविहार आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावचा जयस्तंभ मुलांना पाहावयास मिळतो तोही तिच्याच कृपेने.

अशी गाडी बहुधा नवी नसते. कोणा दात्याने दिलेली किंवा कोणाकडून कमी किमतीत घेतलेली, दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर धावलेली अशी ती असते. माणसाप्रमाणे तिलाही वयाचे आजार जडतात. त्यांपैकी एका आजाराविषयी, म्हणजे पॉवर स्टिअरिंगच्या तेलगळतीविषयी, आम्ही येथे लिहीत आहोत. कारण हा आजार सावकाश वाढतो, आरंभी क्षुल्लक वाटतो आणि त्याचा संबंध थेट मुलांच्या सुरक्षिततेशी आहे. विद्यालयाच्या परिवारातील अनेकांच्या दारातही जुनी जीप, मोटार वा मिनीबस उभी असते. कित्येकांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. त्यांनाही हे विवेचन उपयोगी पडावे.

लेखाचे सार आरंभीच सांगतो. तेल जेथे ठिबकताना दिसते, तेथेच ते गळत असते असे नाही. म्हणून गळतीचे मूळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, आणि मूळ सापडल्यावर केवळ तेलाची भर घालून वेळ मारून नेऊ नये.

स्टिअरिंगला तेल कशासाठी?

पूर्वी बस किंवा ट्रक वळविणे हे दंडातील बळाचे काम होते. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२०च्या दशकात तेलाच्या दाबाची मदत घेऊन चाके वळविण्याची रचना सिद्ध केली. पुढे १९५१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पीरियल मोटारीत ती दिली आणि ही सोय प्रथमच बाजारातील मोटारीत आली. आपल्याकडे ती रुळण्यास बराच काळ लागला. या प्रवासात पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टिअरिंग गिअर या कंपनीचा, अवजड वाहनांची स्टिअरिंग यंत्रणा बनविणारा कारखाना शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे उभा राहिला. भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या वाचकांना हे गाव नव्याने सांगावयास नको.

या यंत्रणेचे पाच मुख्य भाग ध्यानात ठेवावेत. पहिला भाग तेलाची छोटी टाकी. दुसरा पंप, तो इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. तिसरा भाग म्हणजे पंपाकडून पुढे जाणारी दाबाची नळी. चौथा भाग स्टिअरिंग बॉक्स. जीप, मिनीबस आणि ट्रक यांत तो पेटीच्या आकाराचा असतो, तर बहुतेक मोटारींत त्याच्या जागी लांब नळकांड्यासारखा रॅक असतो. पाचवा भाग परतीची नळी; काम करून दमलेले तेल तिच्यातून पुन्हा टाकीत येते.

चालकाने स्टिअरिंग फिरविले की बॉक्समधील झडप तेलाला दट्ट्याच्या एका बाजूस वाट करून देते. तेल दट्ट्याला रेटते आणि चाके वळतात. चालकाचा हात केवळ दिशा दाखवितो, श्रम तेल करते. हा दाब किती असतो याची कल्पना यावी म्हणून एक तुलना देतो. मोटारीच्या टायरात दर चौरस इंचाला साधारण ३० ते ३५ पाउंड दाबाची हवा भरतात. स्टिअरिंग पूर्ण वळविले असता दाबाच्या नळीतील तेलाचा दाब १,००० ते १,५०० पाउंडांपर्यंत, काही वाहनांत त्याहूनही वर जातो. एवढा दाब अडवून धरण्याचे काम रबराची काही सीले आणि बोटातील अंगठीहून लहान अशी काही कडी करीत असतात. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. जुनी गाडी गळू लागते ती येथे.

तेल पूर्ण संपले किंवा इंजिन बंद पडले, तरी स्टिअरिंग आणि चाके यांचा संबंध तुटत नाही; मधली लोखंडी जोडणी कायम असते. परंतु तेलाची मदत नाहीशी होते आणि स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड होते. सपाट रस्त्यावर चालक गाडी सावरून घेईल. घाटातील वळणावर, मागे पंचवीस मुले बसलेली असताना हाच प्रसंग आला तर काय होईल, याचा विचार प्रत्येक संस्थाचालकाने करावा.

पहिली लक्षणे

पॉवर स्टिअरिंगची खरी कसोटी महामार्गावर लागत नाही. ती शनिवार पेठेत लागते. वेगात असलेल्या गाडीची चाके अल्प बळाने वळतात. उलट उभ्या किंवा मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या गाडीचे टायर रस्त्यावर घासून वळवावे लागतात, आणि तेव्हा तेलाच्या दाबाची गरज सर्वांत अधिक असते. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. त्याच्या लगतच्या या पेठेतील गल्ल्या व बोळ पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाचे आहेत. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या खरेदीसाठी अप्पा बळवंत चौकात येणाऱ्या शाळांच्या गाड्यांना या भागात वळताना, मागे घेताना आणि दुतर्फा लावलेल्या दुचाकींमधून अंग चोरून निघताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कितीदा तरी फिरवावे लागते. जो दोष महामार्गावर महिनोन्‌महिने लपून राहतो, तो ओंकारेश्वर ते रमणबाग एवढ्या अंतरात बोलू लागतो.

तो कसा बोलतो हे चालकाने ओळखावे. वळताना पंपातून कण्हल्यासारखा किंवा घूं घूं असा आवाज येतो. स्टिअरिंग मध्येच जड, मध्येच हलके लागते, हातात झटके बसतात. टाकीचे झाकण उघडले तर तेलावर फेस दिसतो किंवा तेल दुधट झालेले असते. तेलाची पातळी आठवड्या-पंधरवड्याने खाली जाते. सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवर डाग दिसतो. यांपैकी एक गोष्ट मात्र दोष नव्हे. स्टिअरिंग अगदी शेवटापर्यंत वळवून धरले असता सूं असा आवाज येतो, तो जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा असतो. तरीही त्या स्थितीत स्टिअरिंग पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये, कारण तेल फार तापते.

लक्षण दिसूनही केवळ तेलाची भर घालीत राहिल्यास काय होते? तेल कमी झाल्याने पंप हवा ओढतो. हवेमुळे फेस होतो. फेसाने पंपाला पुरेसे वंगण मिळत नाही, म्हणून तो आतून झिजतो. झिजेचे लोखंडी कण तेलातून बॉक्समध्ये जातात. ते कण सीलांना ओरखडे पाडतात, आणि सीले खराब झाली की गळती वाढते. हे असल्यामुळे ते होते, आणि ते होण्याने पुन्हा हे वाढते. प्रतीत्यसमुत्पादाचा परिचय असलेल्या आपल्या वाचकांना ही साखळी समजण्यास कठीण नाही. ती कोठेतरी तोडावी लागते, आणि आरंभीच्या कडीशी तोडणे सर्वांत स्वस्त पडते.

गळणारे तेल कोणते?

जमिनीवर डाग दिसताच तो स्टिअरिंगचाच समजू नये. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि पुठ्ठ्यावर पुढील चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. सकाळी डाग कोठे पडला व कशाचा आहे हे दोन्ही कळते.

वातानुकूलन यंत्राचे पाणी स्वच्छ व गंधहीन असते. त्याची काळजी नको. रेडिएटरमधील कूलंट पाण्यासारखे पातळ, हिरवे, गुलाबी वा निळे असते आणि त्याला गोडसर वास येतो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे, विशेषतः डिझेल गाडीत काळेभोर असते. गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र दर्प येतो. ब्रेक ऑइल पातळ व फिकट पिवळसर असते आणि रंगावर पडल्यास रंग उचलते. ते गळताना आढळल्यास गाडी जागची हलवू नये. अनेक वाहनांत पॉवर स्टिअरिंगसाठी लाल रंगाचे एटीएफ हे तेल वापरतात. ताजे असताना ते लालभडक दिसते, जुने झाल्यावर तपकिरी होते आणि इंजिन ऑइलसारखे भासते. म्हणून रंगावर पूर्ण विसंबू नये. टाकीतील पातळी खाली गेली आहे काय, हेही पाहावे. डाग आणि पातळी या दोन साक्षी जुळल्या तरच निदान पक्के मानावे.

मूळ शोधण्याची रीत

भगवान बुद्धांनी चार आर्यसत्ये सांगितली, त्यांत एक क्रम आहे. दुःख आहे हे मान्य करणे, त्याचे कारण शोधणे, कारण नाहीसे केल्यास दुःख नाहीसे होते हे जाणणे, आणि मग त्या मार्गाने चालणे. धम्माची यंत्राशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कोणत्याही शोधाचा हा क्रम चुकला की शोध चुकतो, आणि गाडीच्या दुरुस्तीत तो नेमका दुसऱ्या पायरीवर चुकतो. ठिबक दिसते, कारण न शोधताच महागडा भाग बदलला जातो, आणि महिन्याने पुन्हा ठिबक दिसते.

तेल नेहमी खाली उतरते आणि गाडी धावत असताना वाऱ्याने मागे सरकते. टाकीशेजारच्या नळीतून पाझरलेला थेंब पंपावरून, चौकटीवरून ओघळत स्टिअरिंग बॉक्सच्या तळाशी येऊन पडतो, आणि दोष बॉक्सवर येतो. म्हणून शोध नेहमी वरून खाली आणि पुढून मागे घ्यावा. त्याची रीत अशी.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, मागील चाकांच्या दोन्ही बाजूंस लाकडी ठोकळे द्यावेत. गाडी वर उचलायची असल्यास केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. चौकटीखाली लोखंडी घोडे लावावेत. इंजिन थंड असताना टाकी, पंप, नळ्या आणि बॉक्स यांवरील तेलकट काट काढणाऱ्या द्रवाने आणि ब्रशने स्वच्छ धुवावी. अल्टरनेटर व विजेच्या जोडण्यांवर प्लॅस्टिक बांधून घ्यावे. नंतर सर्व भाग फडक्याने कोरडे करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्धे निदान याच कामात होते. मळलेल्या यंत्रावर जुने तेल व नवे तेल यांतील भेद कळत नाही.

त्यानंतर टाकीत योग्य तेल खुणेपर्यंत भरावे. एकाने चालकाच्या जागी बसून इंजिन सुरू करावे आणि स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवावे. दुसऱ्याने चांगल्या टॉर्चने वरून खाली पाहत जावे. फिरणाऱ्या बेल्टपासून हात, सदऱ्याची बाही व ओढणी दूर ठेवावी. दाबाच्या नळीवरून चालू इंजिनात बोट फिरवून गळती शोधण्याची सवय घातक आहे. सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची चिळकांडी कातडीत शिरू शकते. अशी जखम वरून सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत गंभीर इजा होते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. इंजिन बंद केल्यानंतर पांढऱ्या कागदाचा तुकडा प्रत्येक जोडावर टेकवून पाहावा. जेथे कागद ओला होतो, त्याच्या वर कोरडे आणि खाली ओले असेल, तर मूळ तेच.

इतके करूनही मूळ न सापडल्यास तेलात चालेल असा चमकणारा रंग मिळतो. तो थोडा टाकीत घालून गाडी दोन-तीन दिवस चालवावी आणि अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने अंधारात पाहावे. गळतीची वाट उगमापासून उजळलेली दिसते.

कोठे गळते, काय करावे?

उगम सापडला की दुरुस्ती ठरते. जुन्या गाडीत गळती बहुधा पुढील जागी आढळते. कमी खर्चाच्या जागा आम्ही आधी दिल्या आहेत. तपासतानाही हाच क्रम ठेवावा.

टाकी व तिचे झाकण : झाकणातील रबरी कडे कडक झाले किंवा तेल खुणेच्या वर भरले तर तापलेले तेल झाकणातून बाहेर येते. प्लॅस्टिकच्या टाकीला तळाशी नळी जोडलेल्या जागी चीर जाते. कडे बदलावे; चिरलेली टाकी चिकटविण्यात अर्थ नाही, बदलावी.

परतीची नळी : हिच्यात दाब अल्प असतो. रबर कडक होऊन टोकाशी फाटते किंवा क्लिप सैल होते. क्लिप नवी घालावी. नळी लांबीला पुरत असेल तर कडक झालेले टोक कापून पुन्हा बसविता येते, परंतु जुन्या गाडीत तेलाला टिकणारी नवी नळीच घालणे इष्ट. पाण्याची साधी रबरी नळी येथे चालत नाही. तेलाने ती फुगते.

टाकीपासून पंपाकडे येणारी नळी : येथील दोष फसवा असतो. पंप या नळीतून तेल ओढून घेत असल्यामुळे, फट पडली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर डाग नसतो, पण टाकीत फेस असतो आणि पंप कण्हतो. कोरडी गळती म्हणावी अशी ही अवस्था आहे. नळी व तिच्या दोन्ही क्लिपा बदलाव्यात.

दाबाच्या नळीचे जोड : पोकळ बोल्टच्या जोडाला दोन्ही बाजूंस तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या वॉशर असतात, काही जोडांत ओ-रिंग असते. जोड एकदा उघडला की वॉशर व ओ-रिंग नवीनच घालाव्यात. गळते म्हणून पाना लावून बोल्ट अधिकाधिक आवळल्यास आटे जातात आणि लहान काम मोठे होते. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप येथे लावू नये. तिचे तुकडे झडपेत अडकतात.

दाबाची नळी : रबर व लोखंड यांच्या दाबून बसविलेल्या सांध्यातून पाझर येत असेल, तर नळी बदलण्यास पर्याय नाही. येथे क्लिप, तार किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. नवी नळी मिळत नसल्यास हायड्रॉलिक होज तयार करणाऱ्याकडून जुन्या नळीच्या मापाची, त्याच दाबाला टिकणारी आणि मूळ टोके असलेली नळी करून घ्यावी. नळी एक्झॉस्टला किंवा चौकटीच्या धारेला टेकणार नाही, अशी मूळच्या वाटेनेच न्यावी.

पंपाचे सील : पंपाचा दांडा जेथून पुलीकडे बाहेर येतो, तेथील ऑइल सील गेले की फिरणारी पुली तेल चहूकडे उडविते. पुलीच्या मागे व आसपास गोलाकार ओल दिसली की संशय येथे घ्यावा. सील बदलता येते. परंतु दांड्यावर बोटाला जाणवेल अशी खाच पडली असेल किंवा दांडा डुगडुगत असेल तर नवे सील टिकणार नाही. तेव्हा पंप दुरुस्त करून घ्यावा किंवा बदलावा. तेलाने भिजलेला बेल्टही बदलावा. अनेक गाड्यांत हाच बेल्ट अल्टरनेटर व पाण्याचा पंपही फिरवितो. तो घसरला की बॅटरी उतरते, इंजिन तापते आणि एका आजाराचे तीन होतात.

स्टिअरिंग बॉक्स : जीप-मिनीबसमध्ये बॉक्सच्या खालील बाजूस, बाहेर येणाऱ्या जाड दांड्याच्या सीलमधून तेल येते. सील बदलताना दांड्यावरील गंज व आतील बुश अवश्य पाहावेत. बुश झिजलेला असेल तर दांडा हलतो आणि नवे सील काही महिन्यांत पुन्हा गळू लागते. बॉक्स उघडण्याचे काम अनुभवी कारागिराचेच आहे. दांडा आणि त्यावरील आर्म यांच्या खुणा जुळवूनच ते पुन्हा बसवावे लागतात.

रॅक : मोटारीच्या रॅकच्या दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. बूट हाताने हलकेच दाबून पाहावा. आत तेल खळखळत असेल किंवा क्लिप सैल करताच तेल बाहेर आले, तर रॅकमधील सील गेलेले आहे. रॅक काढून त्याची सर्व सीले बदलून घ्यावीत किंवा रॅकच बदलावा. रॅकचे काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी नियमित वापरात आणू नये.

नवे तेल भरताना

दुरुस्तीनंतर जुने, जळकट तेल काढून नवे भरावे. कोणते तेल हे वाहनाच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते, तेच वापरावे. सर्व गाड्यांना एटीएफ चालते हा समज बरोबर नाही.

तेल भरल्यावर यंत्रणेतील हवा काढावी लागते. पुढील दोन्ही चाके जमिनीपासून उचलून घोड्यांवर टेकवावीत. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. पातळी खाली जाईल तसतसे तेल घालावे. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून हीच कृती काही वेळा करावी. तेल अजून फेसाळ दिसल्यास इंजिन बंद करून अर्धा तास तसेच ठेवावे व पुन्हा करावे. शेवटी इंजिन गरम असताना पातळी तपासावी, झाकण घट्ट लावावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुठ्ठा पाहावा. पुठ्ठा कोरडा राहिला तरच काम पूर्ण झाले असे मानावे.

जे करू नये

बाजारात गळती थांबविणारी औषधे मिळतात. ती रबर फुगवून फट तात्पुरती बुजवितात. फाटलेली नळी, झिजलेला दांडा किंवा तुटलेली ओ-रिंग यांवर त्यांचा इलाज नाही. गॅरेजपर्यंत पोहोचण्यास ती कामी येतील, त्यांवर वर्ष काढू नये.

स्टिअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल आणि ब्रेकच्या टाकीत स्टिअरिंगचे तेल कधीही घालू नये. दोन्ही यंत्रणांतील रबर निरनिराळ्या जातीचे असते. चुकीच्या तेलाने ते फुगते वा मऊ पडते, आणि ब्रेकच्या बाबतीत त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते. डब्यांवर मराठीत ठळक नावे लिहून ठेवणे हा साधा उपाय आहे.

तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडत असेल तर गाडी चालवू नये. हे तेल पेट घेऊ शकते.

काढलेले जुने तेल गटारात ओतू नये. शनिवार पेठेच्या कडेने वाहणारी मुठा आज कोणत्या अवस्थेत आहे, हे नदीपात्राच्या रस्त्याने जाणारा प्रत्येकजण पाहतो. वापरलेले तेल २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे, किंवा ते त्याच्याकडे पोहोचविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दानाच्या वस्तूचा हिशेब

विनयपिटकात स्थविर आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली, तेव्हा एवढ्या वस्त्रांचे तुम्ही काय करणार, असा प्रश्न राजाने केला. आनंदांनी सांगितले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांची गाद्यांची खोळ, खोळीची बसकरे, बसकरांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडण्याची फडकी. आणि फडकीही फाटली की ती कुटून चिखलात मिसळून लिंपण्यासाठी वापरली जातील. राजाचे समाधान झाले, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

दानावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा संवाद मार्गदर्शक आहे. गाडीसाठी आलेला पैसा कोणा मजुराने, शिक्षिकेने, निवृत्त कर्मचाऱ्याने आपल्या गरजा बाजूला सारून दिलेला असतो. परतीच्या नळीची क्लिप एका जणाच्या चहा-नाश्त्याच्या खर्चात येते; रॅक किंवा पंप बदलण्यास हजारो रुपये लागतात. क्लिप सैल असताना रॅक बदलला, तर मुलांच्या दुधाचा वा पुस्तकांचा पैसा वाया गेला. आणि नळी फाटलेली असताना तेलाची भर घालून काटकसर केली, तर ती काटकसर मुलांच्या जीवावर केली. दानाचा आदर या दोन्ही टोकांच्या मधल्या मार्गाने होतो, आणि तो मार्ग नेमक्या निदानातून जातो.

यासाठी संस्थांनी एक वही ठेवावी. दर रविवारी तेलाची पातळी, पुठ्ठ्यावरील डाग, चालकाने सांगितलेला आवाज आणि केलेली दुरुस्ती यांची तारखेनिशी नोंद करावी. पंधरवड्यात पातळी कितीने उतरली हे वही सांगते. स्मरणशक्ती सांगत नाही. चालकाला निवेदन करण्यास संकोच वाटू नये, असे वातावरण ठेवावे. स्टिअरिंग त्याच्या हातात असते. गाडीचे दुखणे सर्वांआधी त्यालाच कळते. गॅरेजमध्ये गेल्यावर भाग बदलण्यापूर्वी गळती कोठे आहे ती दाखवा, असे नम्रपणे परंतु स्पष्ट सांगावे, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

मोठ्या वर्गातील मुलामुलींनाही या तपासणीत सहभागी करून घ्यावे, असे आम्हांस वाटते. बेल्टजवळ त्यांना जाऊ देऊ नये. परंतु पुठ्ठा अंथरणे, डागाचा रंग व गंध ओळखणे, वहीत नोंद करणे ही कामे ती उत्तम करतील. विज्ञानाच्या पुस्तकातील द्रवाच्या दाबाचा नियम त्यांना येथे डोळ्यांनी दिसेल. हाताने करावयाच्या कामाला आपल्या समाजव्यवस्थेने दीर्घकाळ हीन लेखले आणि ते काम करणाऱ्यांनाही हीन लेखले. तेलाने माखलेल्या हाताला कारण शोधणाऱ्या बुद्धीची जोड मिळते तेव्हा ती सम्यक आजीविका होते, ही गोष्ट आपल्या विद्यालयातील मुलांनी लवकर शिकावी.

नव्या मोटारींपैकी बहुतेकांत आता विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग येते. त्यात तेलही नाही आणि गळतीही नाही. तरीही तेलावर चालणाऱ्या जुन्या गाड्या संस्थांच्या, शेतकऱ्यांच्या आणि छोट्या व्यावसायिकांच्या दारात आणखी पुष्कळ वर्षे राहणार आहेत. त्यांच्या पुठ्ठ्यावर उद्या सकाळी डाग दिसला, तर आपल्या परिवारातील कोणीही आधी वाकून वर पाहावे, उगम शोधावा, आणि मगच पाना हाती घ्यावा.

सर्वांचे मंगल होवो.